छबूबाईंची किक

मारुतरावांचा गुडघा बदलला, तसं पोरानं फर्मान काढलं, "अण्णा, आता किक मारणं बंद. बुलेट विकून टाका." चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर कामगारांसाठी भांडायला जन्मभर याच गाडीवरून गेलेला माणूस तो, भडकलाच. गाडी टेम्पोत घातली, बायकोला, छबूबाईंना, शेजारी बसवलं आणि किक हलकी करून घ्यायला थेट देहूरोडला कुलदीप मिस्त्रीकडे नेली.

कुलदीपनं व्हॉल्व्हचे घट्ट झालेले टॅपेट सैल केले, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर बसवलं, कार्बोरेटर धुऊन हवा-पेट्रोलचा मेळ घातला. मारुतराव सवयीनं पुढं सरसावले.

"थांबा अण्णा! तुमची किक म्हंजी मोर्चाच असतोय. वहिनी मारतील."

"अगं बाई! मी?" छबूबाई मागं सरकल्या.

"तुमच्यानं चालू झाली, तरच गाडी राहिली."

त्यानं सांगितलं तशी त्यांनी किक हलकेच दाबली. अडली तिथं इंजिनातला दाब सोडणारी हँडलजवळची खिट्टी ओढून किक जराशी पुढं नेली, खिट्टी सोडली आणि पाय टाकला. गाडी एका दमात धडधडली आणि संथ ठेक्यावर स्थिरावली.

कुणा मालकापुढं न वाकलेल्या मारुतरावांनी कुलदीपचा काळा, तेलकट हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मग त्यांनी पोराला फोन लावला, "गाडी राहतीय रं. आजपासनं किक तुझी आई मारणार."