माळावर सतराचा पाढा

अण्णा घरात नाहीत हे मला कळलं तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. शनिवार असूनही मी ऑफिसच्या कॉलवर होते. नवरा सॉफ्टवेअरच्या रिलीजसाठी चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात अडकला होता आणि मुलगी बिशानला ट्यूशनला गेली होती. कॉल संपवून बाहेर आले तर टीव्ही चालू, चहाचा कप अर्धा भरलेला आणि दार सताड उघडं.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर मी त्यांना इथे परदेशात, सेम्बावांगला आमच्याकडे आणलं, त्याला आठ महिने झाले होते. पहिले चार महिने बरे गेले. मग लिफ्टमधून कितव्या मजल्यावर उतरायचं ते त्यांना आठवेना, मग आपण जेवलो की नाही तेही आठवेना, आणि गेल्या महिन्यात त्यांनी दोनदा मला ‘बाई’ म्हणून हाक मारली. दोन्ही वेळा मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मी मुळात तापट आणि घाबरले की जास्तच तापते. त्या दिवशी सकाळी मी त्यांच्यावर ओरडले होते, कारण दाराबाहेरच्या लोखंडी गेटची किल्ली त्यांनी तांदळाच्या डब्यात टाकली होती. पुन्हा हरवायला नको म्हणून मी ती कुलपातच लावून ठेवली. कुलपात लावलेली किल्ली कुणालाही फिरवता येते, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

फोन वरच राहिला. मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून खाली धावले. खालच्या कॉफीशॉपमधले चिनी काका टेबलं पुसत होते. मी काही विचारायच्या आत त्यांनी फडक्यानं दिशा दाखवली.

“युवर फादर आह? दॅट साइड. गो इन द ग्रास लाह. रेन कमिंग, यू नो.”

आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, मागे तेव्हा मोठी मोकळी जमीन होती. आता तिथे उंच इमारती झाल्या आहेत, पण त्या वर्षी नुसतं गुडघाभर गवत, मध्ये मध्ये लाल माती आणि मोजणीच्या खुंट्या होत्या. झाड एकही नव्हतं. पलीकडच्या टोकाला पावसाच्या पाण्याचा काँक्रीटचा कालवा होता, दोन पुरुष खोल. त्याच्या कठड्याचा एक तुकडा कुठल्याशा कामासाठी काढला होता आणि तिथे लावलेली नारिंगी जाळी जमिनीवर लोळत होती. एरवी त्या कालव्यात घोटाभर पाणी असे. पण आकाश फाटलं की दहा मिनिटांत तो काठोकाठ भरून धावायला लागायचा, हे मी खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलं होतं.

अण्णा त्या कठड्याच्या अलीकडे उभे होते. पांढरा पायजमा, बंडी, पाय अनवाणी. उत्तरेकडून ढग काळे होत आले होते आणि लांबवर वीज लवत होती.

“अण्णा!” मी ओरडले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ते पळाले. शहात्तर वर्षांचा माणूस, गुडघे धरून जिना उतरणारा, चार-पाच ढांगा पळाला. आणि पळाला तो कालव्याकडे. मी थांबले तसे तेही थांबले. मी पुन्हा हाक मारली, या वेळी जोरात आणि रागानं, आणि ते आणखी दहा पावलं मागे सरले. मग मी घाबरून तिसऱ्यांदा ओरडले. आता ते आणि ती उघडी जागा यांच्यात पंधरा हातांचंही अंतर राहिलं नव्हतं.

वडिलांना माझी भीती वाटत होती. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी बाई केस मोकळे सोडून आरडाओरडा करत त्यांच्या अंगावर येत होती, एवढंच त्यांना दिसत होतं. मी धावले असते तर माझ्या आधी ते कालव्यात गेले असते.

तसं मान वर करून, अंग आखडून उभं राहिलेलं जनावर मी पूर्वी पाहिलं होतं, आणि तेही अण्णांच्याच सोबत.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. आमचा मुक्काम सोलापूरकडच्या एका छोट्या गावी. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची एकनळी बंदूक होती आणि त्या परवान्याच्या आडून ते वर्षातून दोन-तीनदा काळवीट मारायचे. ते तेव्हाही बेकायदाच होतं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी दहा वर्षांची असताना त्यांनी मला सोबत नेलं. धाकटा भाऊ तापानं पडला होता म्हणून माझा नंबर लागला, असं आई म्हणायची. मला जायचं नव्हतं, पण घाबरले म्हणून सांगायचीही लाज वाटत होती.

माळ म्हणजे नजर जाईल तिथवर पिवळं कुसळी गवत. लपायला झुडूप नाही. तिथे हरणाच्या मागे धावून काही उपयोग नसतो, ते तुम्हाला अर्ध्या कोसावरून पाहतं. अण्णांनी मला आधी चालायला शिकवलं. हरणाकडे सरळ जायचं नाही. तिरकं जायचं, जणू आपली वाट भलतीकडेच आहे. त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. एकदम थांबायचं नाही आणि एकदम गप्पही व्हायचं नाही, कारण बोलत जाणारी माणसं त्याला रोजची सवयीची असतात. “पाढे म्हण,” ते म्हणाले. “सतराचा म्हण. मोठ्यानं नको, आपलं चालता चालता.”

मी म्हणत गेले. माझ्या डाव्या बाजूला अण्णा, त्यांच्या पलीकडे बंदूक. आम्ही नागमोडी वळसे घेत इतक्या जवळ पोहोचलो की समोरच्या काळविटाच्या पाठीचा काळा रंग आणि पोटाचा पांढरा यांमधली रेघ मला स्पष्ट दिसली. तो चरता चरता आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा मान खाली घालायचा. त्याला आमची सवय झाली होती. मग अण्णा एका गुडघ्यावर बसले. बार झाला तेव्हा मी सतरा नव्वे म्हणत होते. तो लगेच मेला नाही. पुढचे पाय रोवून उठायचा प्रयत्न करत राहिला. त्यानंतर मी शिकारीला अजून दोनदा गेले, कारण नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

हे सगळं त्या गवतात उभी असताना मला असं ओळीनं आठवलं असं नाही. पाय मात्र आपोआप तिरके वळले. मी अण्णांकडे पाहणं सोडलं आणि ब्लॉकला समांतर चालू लागले, जणू मला बसस्टॉपवर जायचं होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यात पांढरा पायजमा होता. तो हलला नाही. मग मी जरा वळसा घेतला. आणि पाढा सुरू केला.

“सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न.”

विजेचा लखलखाट झाला आणि मी मनातल्या मनात मोजायला लागले. चार मोजेपर्यंत गडगडलं. उघड्या माळावर त्या क्षणी सगळ्यात उंच आम्ही दोघंच होतो.

“सतरा चोक अडुसष्ट. सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा साते एकशे अठरा.”

“एकोणीस,” अण्णा म्हणाले.

मी चालत राहिले. बघायचं नाही, थांबायचं नाही.

“एकशे एकोणीस,” ते चिडून म्हणाले. “पुन्हा पाचपासून.”

सातावर मी लहानपणापासून अडखळत आले आहे, तेव्हा ती पहिली चूक खरीच होती. पुढच्या मात्र मी मुद्दाम केल्या. पाच बरोबर, सहा बरोबर, सातही बरोबर, आणि आठे एकशे चौतीस. ते माझ्या दिशेनं दोन पावलं आले. चूक पाढा ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी जरा लांब सरकले, कालव्यापासून दूर, आणि पुन्हा चुकले. ते आणखी चार पावलं आले. थेंब पडू लागले होते, टपोरे, मातीत भोकं पाडणारे. कालव्यातल्या पाण्याचा आवाज बदलला होता, वर कुठेतरी पाऊस आधीच कोसळला असणार. मला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं, आणि मी नवाचं उत्तर मुद्दाम चुकीचं सांगत होते. मला सारखा तो काळवीट आठवत होता. त्यालाही आम्ही असंच बोलत बोलत गाठलं होतं, आणि त्याचा आमच्यावर विश्वास बसला म्हणून तो मेला.

ते हाताच्या अंतरावर आले तेव्हा मी त्यांचं मनगट पकडलं. घट्ट पकडलं, फार घट्ट. त्यांनी हिसका दिला आणि खांदे आवळून डोळे मिटले. मारलं जाणार असं वाटणारा माणूस मिटतो तसे.

“चला,” मी म्हणाले. “पाऊस आलाय. छपराखाली चला.”

‘अण्णा’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही ब्लॉकखालच्या, खांबांमधल्या मोकळ्या जागेत पोहोचलो आणि मागे आकाश कोसळलं. गवत दिसेनासं झालं. मी त्यांना दगडी बाकावर बसवलं, पण मनगट सोडलं नाही. वीज इतक्या जवळ पडली की शेजारच्या सायकली खणखणल्या, आणि मग मला कापरं भरलं. त्या कालव्यात ते गेले असते, हे आता कुठे मला पुरतं उमगत होतं. आणि उद्या मी आंघोळीला गेले की काय? परवा ऑफिसला गेले की काय? त्यांना माझी भीती वाटते, मग त्यांना सांभाळणार कोण?

अण्णांनी माझ्या थरथरत्या हाताकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“बाई, तुम्ही भ्यालात,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“आमची मुलगी अशीच भिते. सांगत नाही, पण मला कळतं. हात गार पडतात तिचे. मुद्दाम न्यायचो तिला माळावर. म्हटलं, भीड चेपेल. तर चालताना नुसती थरथरायची. मग पाढे म्हणायला लावायचो.”

“हरणाला सवय व्हावी म्हणून ना?” मी विचारलं.

“हॅ. हरणाला कसले पाढे? बोललं की ते सावध होतं उलट. पाढ्यांपायी दोन शिकारी गेल्या माझ्या. पण पोरीला सांगणार कसं, की तू घाबरतेस म्हणून? तिला वाईट वाटलं असतं.”

पावसाचा झोत आत येत होता. ते बाकावर सरकले आणि त्यांनी मला आतल्या, कोरड्या बाजूला घेतलं. मग माझ्या पकडीतला हात तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात माझ्या बोटांवर ठेवला.

“म्हणा माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “सतराचा तुम्हाला येत नाही. अठराचा घेऊ. अठरा एके अठरा.”

मी म्हणाले, “अठरा एके अठरा.”

“अठरा दुणे?”

“छत्तीस,” मी सावकाश म्हणाले. त्यांनी घाई केली नाही. पाऊस थांबेपर्यंत आम्ही तो पाढा तीनदा म्हटला, आणि मी एकदाही चुकले नाही. तरी माझी भीती गेली नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण वर जायला लिफ्टमध्ये शिरताना ते म्हणाले, “घरी कुणी आहे ना तुमच्या? नाहीतर मी थांबतो.”