आखूड लुगडं

मंठ्याच्या बाजारपेठेत कडूबाचं कापडाचं दुकान होतं. घरातल्या बायकांनी गल्ल्याकडं फिरकायचं नाही, हा त्याचा दंडक. त्याची बायको गिरिजाबाई मागच्या खोलीत गठ्ठे सोडायची, घड्या लावायची आणि पडद्याआडून सगळं ऐकायची. लग्नाआधी ती आष्टीकडं खुरपायला जायची. दुकानात येणाऱ्या बायका तिला परक्या नव्हत्या.

चौऱ्याऐंशी साली एका बाजाराच्या दिवशी सोनूबाई नावाची बाई लुगडं परत घेऊन आली. "भाऊ, हे आखूड हाय. वाकलं की कासोटा सुटतो."

कडूबानं घडीसुद्धा उलगडली नाही. "नेसता येत न्हाई अन् कापडाला नावं ठिवती? तूच जाड झाली असशील. हो बाजूला, गिऱ्हाइकाला जागा दे."

दुकानातले बाप्ये हसले. सोनूबाईनं लुगडं छातीशी धरलं आणि खालमानेनं पायऱ्या उतरली.

गिरिजाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. त्याच गठ्ठ्यातलं लुगडं नेसून दुसऱ्या दिवशी ती ओळखीच्यांच्या कपाशीत खुरपायला गेली. दुपारपर्यंत तिचा हात खुरप्यावर कमी आणि कासोट्यावर जास्त. बांधावरून माणसं जायला लागली की अंग चोरून बसायचं. चिखलाच्या पायांनी ती तशीच पुढच्या दारानं दुकानात शिरली.

"बघा," ती म्हणाली. "मी बी जाड झाले का?"

"लोकांसमोर तमाशा नको करू."

"तमाशा काल तुम्ही केला. जालन्याचा ठोकवाला मापात कापड चोरून राह्यला, अन् तुम्ही बाईच्या अंगाला नावं ठिवून राह्यले."

कडूबा हळूच म्हणाला, "मला ठाव होतं. आखूड हाय म्हणूनच तर स्वस्तात भेटलं."

ती तडक मागच्या खोलीत गेली. मग तिनं अख्खा गठ्ठा ओढून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालना गाठलं आणि तो ठोकवाल्याच्या गादीवर आपटला.

तो हसला. "बाई, खेड्यात असलंच खपतंय."

"माझ्या दुकानात न्हाई खपायचं."

त्यानं माल परत घेतला नाही. तिनं तो गोधड्यांसाठी फाडून विकला. कडूबानं आदळआपट केली, चार दिवस अबोला धरला. तिनं ढुंकून पाहिलं नाही. दुसरा ठोकवाला शोधला. त्याच्याकडचं प्रत्येक लुगडं ती पुरतं उलगडून बघायची, मगच उचलायची.

एक चांगलं लुगडं घेऊन ती सोनूबाईच्या गावी गेली. सोनूबाईनं पाणी दिलं, चहा केला, लुगड्याला मात्र हात लावला नाही. "तुझ्यावर राग न्हाई, बाई. पर त्या दुकानातलं आता माझ्या अंगाला नको."

परतीच्या जीपमध्ये गिरिजाबाई रडली, ती दुःखानं नाही, संतापानं. घरी येताच तिनं मागच्या खोलीचा पडदा टरकन ओढून काढला आणि गल्ल्याशेजारी बसायला लागली. त्या खोलीला दार बसवलं, आत आरसा लावला. बाईनं आत जावं, नेसावं, उकिडवं बसावं, वाकावं, पटलं तर घ्यावं. कडूबा कुरकुरला, "न घेताच निघून जातील."

"जाऊ द्या. हसत तर जातील."

बायका बायकांना सांगत गेल्या. पाच-सहा वर्षांत बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. धंदा वाढला, तिची जीभ मात्र मवाळ झाली नाही. गिऱ्हाइकाशी कुणी तोडून बोललं की ती चारचौघांत त्याची सालटी काढायची, मग तो नवरा का असेना.

दोन हजार सालाच्या सुमारास सुना-लेकी सहावारी मागायला लागल्या. तिनं सहावारी भरली. कडूबा म्हणाला, "आता लुगडी बंद कर. म्हाताऱ्या किती उरल्या?"

"एक उरली तरी तिनं काय नेसायचं?"

"परतूरला जाईल."

"तिला जा म्हणायला तुमची जीभ उचलती. माझी न्हाई उचलत."

कडूबा पुटपुटत बाहेर गेला. तिनं स्टूल ओढलं, त्याच्यावर चढली आणि लुगड्यांच्या फळीवरची धूळ रागारागानं झटकायला लागली.