इंदूबाईनं सांगतलेला भाग

इंदूबाईच्या हातात कापूस अन् तोंडात मालिका. पुसदकडच्या आमच्या गावात वेचणीच्या टोळीत तिची ओळ कायम मधात, दोन्हीकडच्या बायांना आयकू जावं म्हणून. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर पाह्यलेला भाग ती अख्खा सांगे, रडण्यासकट. नवऱ्यानं लाथ मारली तरी देवापुढं दिवा लावणारी ती सून आम्हा सगळ्यायले पाठ. घरी मार खाऊन आलो का एकमेकींले म्हणत जाऊ, "तिले तं याहून जास्त सोसा लागते वो." आता सांगताना लाज वाटते मले.

लाईट गेली असली तं इंदूबाई मनानंच भाग रचे. आम्हाले मालूम राहे, पण कोणी बोले नाही. रचलेला भाग जास्त गोड राहे ना बाप्पा!

दिवाळीनंतर तिची मोनाली उमरखेडहून, सासरहून आली. रजतनं, तिच्या नवऱ्यानं, पट्ट्यानं अशी झोडपलती का पाठीवर बक्कल उमटलं होतं. कायले, तं भाजीत मीठ नाही. दुसऱ्याच दिवशी पोट्टी कंबरेले कापसाची ओटी बांधून आमच्यात वेचायले आली. वाकता येत नव्हतं. "मी नाही जात आता," म्हणे.

"नको जाऊ, माय. मरशील," मी म्हटलं.

"तू चूप!" इंदूबाई माह्यावर खेकसली अन् सांगू लागली. "काल त्या सुनेले नवऱ्यानं जिन्यावरून ढकललं. डोकं फुटलं. पण तिनं घर नाही सोडलं. सकाळी तोच पाय धरून रडला. सोसणारीचंच घर राहते."

आदल्या रात्री तं गावभर लाईट नव्हती. मी तोंड उघडलं नाही. मोनालीनं आयकलं, ओटी सोडली अन् संध्याकाळच्या एस्टीनं गेली.

पंधरा दिवसांनी तिले दवाखान्यातून घरी आणली. वरवंट्यानं जबडा फोडला त्या हरामखोरानं. चार दात पडले, डाव्या डोळ्यानं दिसत नाही, तोंड तारेनं बांधलेलं.

तिसऱ्या दिवशी तो तिले न्यायले वावरातच आला. मोनाली धुऱ्यावर, बांधाच्या कडेले बसली होती. केस धरून कापसातून ओढत नेऊ लागला. आम्ही वीस बाया उभ्या राहून पाहत राह्यलो, टीव्हीसमोर बसतो तशा. थू आमच्या जिंदगीवर! इंदूबाई एकलीच धावली. कापूस मोजाच्या काट्याचं दोन किलोचं वजन उचललं अन् हाणलं त्याच्या गुडघ्यावर, मंग खांद्यावर, मंग हातावर. हाड मोडलेलं मी आयकलं. तो बोंबलत पडला.

"पाय धर तिचे!" इंदूबाई ओरडे. "धर! सांगतलं तसं धर!"

तो मायबहिणीवरून शिव्या देत राह्यला. पाय काही धरले नाही त्यानं. ती परत हाणाले गेली तवा कुठं आम्ही हाललो अन् तिच्या हातातलं वजन काढून घेतलं.

मंग इंदूबाई मोनालीजवळ मातीत बसली अन् छाती पिटू लागली. "पोरी, तो भाग मी पाह्यलाच नव्हता वो!"

मोनाली तारेतून एकेक शब्द काढत बोलली, "मले मालूम होतं, आई. अंधारात तुह्या बाजूलेच तं बसली होती मी. तुले मी घरात नको होती, म्हणून गेली."