अंगाला लागून काय घालायचं

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका ग्लेशियरवर होती. मी हवालदार, काम स्नो-स्कूटर चालवायचं. रेशन आणि केरोसीन वरच्या पोस्टवर पोचवायचं, कोणी आजारी पडला तर त्याला खाली आणायचं. स्कूटरच्या मागे ओढायच्या स्लेजवर नायक गजानन असायचा. मी सिंदी रेल्वेचा, तो अल्लीपूरचा. एवढ्या मोठ्या फौजेत एकाच वर्धा जिल्ह्याची दोन माणसं एकाच स्कूटरवर यावीत, याचं त्याला भारी अप्रूप होतं. नवा माणूस आला की आधी तो हेच सांगायचा.

लोकांना वाटतं, जाड जॅकेट घातलं की झालं. जॅकेट फक्त वारा अडवतं. खरा मामला अंगाला लागून असलेल्या कपड्याचा. त्याला आम्ही इनर म्हणायचो. स्कूटर बर्फात रुतली की फावड्यानं खणायचं, ढकलायचं. अशा थंडीतही घाम फुटतो. मग लगेच बसायचं, हातपाय न हलवता, आणि वारा अंगावर घ्यायचा. तो घाम अंगावर राहिला तर तुमचं काही खरं नाही. म्हणून इनर लोकरीचा, नाहीतर घाम बाहेर टाकणाऱ्या सिंथेटिकचा. अंगासरसा, पण आवळणारा नको. सुती काही नको, साधा बनियनसुद्धा नको.

आमचे सुभेदार साहेब गढवालचे. निघण्याआधी ते प्रत्येकाच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालून इनर चाचपायचे. गजाननला लोकर टोचायची.

"साहब, खुजली होती है."

"खुजली से कोई मरा नहीं. अगला!"

मग स्लेजला दोर बांधताना तो पुटपुटायचा, "सुधाकरभाऊ, आपण कापूसवाले लोक. आपल्या अंगाले मेंढीचे केस सोसतीन काय?"

"सोसतीन. चूप बस बे."

चूप बसणं त्याला जमत नसे. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून तो बोलत राहायचा. वांग्याला या साली काय भाव लागेल, आईच्या हातचं भरीत, पुतणीला फुटलेले दात. मी वैतागायचो आणि तो रजेवर गेला की मला करमायचं नाही. सरळच सांगतो, सख्ख्या भावापेक्षा माझा त्याच्यावर जास्त जीव होता.

एका सकाळी वरच्या पोस्टवरून रेडिओ आला. "सिपाही मुरुगन. साँस फूल रही है, छाती में पानी. ओव्हर." हवा बिघडलेली, हेलिकॉप्टर वरपर्यंत जाणार नव्हतं. खालच्या हेलिपॅडपर्यंत मात्र येऊ शकत होतं. कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला, "शाम तक नीचे लाओ." आमचे इनर चाचपून झाले. दोघांचेही बरोबर होते. आम्ही निघालो.

चढताना स्कूटर दोनदा रुतली. खणण्याचं काम गजाननचं, कारण मला इंजिन चालू ठेवायचं होतं. तिथे बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू होईलच याचा भरवसा नसतो. पोस्टवर पोचेपर्यंत त्याचा इनर घामानं भिजला होता. अशा वेळी सॅकमधला कोरडा जोड घालायचा, असा नियम. तो टेंटमध्ये गेला, मी बाहेर इंजिनापाशी थांबलो.

आत काय झालं ते मला नंतर तिथल्या नर्सिंग असिस्टंटनं सांगितलं. मुरुगन घामानं चिंब होता आणि त्याच्यासाठी कोरडं काही उरलं नव्हतं. गजाननने आपला कोरडा जोड त्याला चढवला. स्वतःचा ओला इनर काढला आणि सॅकच्या तळातून आईनं पाठवलेली बंडी काढून घातली. घरच्या शेतातला कापूस भरून हातानं टाचलेली बंडी.

यात चुकलं काय, हे आमच्याकडच्या माणसाला पटकन कळायचं नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे पौषातली पहाट आणि तिच्यावर इलाज म्हणजे कापसाची दुलई. लहानपणापासून ऊब म्हटली की कापूसच. ओल्या लोकरीपेक्षा कोरडी बंडी बरी, असं त्याला वाटलं असणार. पण ओली लोकर थोडीतरी ऊब धरते. कापूस ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो.

उतरताना स्कूटर पुन्हा रुतली. त्यानं पुन्हा खणलं. घामाघूम होऊन हसत स्लेजवर बसला. "चाला भाऊ. मुरुगनले घरी पोचवू."

मग वारा सुटला. मुरुगननं झोपू नये म्हणून गजानन त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोलत होता. मुरुगनला हिंदी कमी येत होती, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. थोड्या वेळानं बोलणं तुटक झालं. शब्द जड यायला लागले.

"गजू, बोलत राह्य!" मी ओरडलो.

"बोलून राह्यलो ना, भाऊ."

पुढच्या हाकेला उत्तर आलं नाही. मी थांबलो. मुरुगनचा ऑक्सिजनचा मास्क सरकू नये म्हणून गजाननने तो हातानं दाबून धरला होता आणि तो हात तसाच होता. मी त्याच्या जॅकेटची चेन उघडली. बंडी ओली, गोठून कडक झालेली. ती चाकूनं कापून काढली, माझा कोरडा जोड त्याच्या अंगात घातला, स्लीपिंग बॅगेत गुंडाळलं. रेडिओवर सांगितलं, "अब दो पेशंट. डॉक्टर हेलिपॅड पर चाहिए. ओव्हर."

मुरुगन वाचला. गजानन हेलिपॅडवर, डॉक्टर साहेबांच्या हातात गेला.

आता मी निवृत्त होऊन वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला राहतो. जमेल तसा अल्लीपूरला काकूंकडे, म्हणजे गजाननच्या आईकडे जातो. पोरगा ड्यूटीवर थंडीनं गेला, एवढंच त्यांना माहीत होतं. मागच्या थंडीत गेलो तर काकू ओसरीवर बसून बंडी टाचत होत्या. जिच्या दातांचं गजानन सांगायचा त्या पुतणीचं, पल्लवीचं, नुकतंच लग्न झालं होतं. ती नवऱ्यासोबत गुलमर्गला चालली होती आणि तिला स्नो-स्कूटरवर बसायचं होतं.

"काकू, हे तिले नका देऊ."

"काऊन? घरचा कापूस हाय."

"घाम आला का कापूस ओला होते, मंग थंडी अंगातच शिरते. तिथं लोकरीचं लागते."

सुई थांबली. काकू बंडीकडेच पाहत होत्या.

"गजूच्या अंगात मी धाडलेली बंडी होती काय?"

खोटं बोलता आलं असतं. पण फौजेत वरिष्ठानं सरळ विचारलं की सरळ सांगायचं असतं, आणि या बाईपेक्षा वरिष्ठ मला कोणी नाही.

"हो, काकू."

मग सगळंच सांगितलं. कोरडा जोड त्यानं कोणाला दिला, तेही.

"तो पोरगा जिता हाय ना?" काकूंनी विचारलं.

"हाय. लेकरंबाळं हायत त्याले."

काकूंनी दोरा दातानं तोडला आणि बंडी अर्धवटच बाजूला ठेवली. "उद्या वर्ध्याले चाल. पोरीले काय लागते ते दाखवजो मले."

दुसऱ्या दिवशी पल्लवीला घेऊन आम्ही तिघं बाजारात गेलो. एका दुकानात लोकरीचे इनर मिळाले. काकूंनी एकेक कपडा उलटा केला, आतून गालाला लावून पाहिला आणि तीनचार बाजूला सारले. दुकानदार कंटाळून हसला. "आजी, एवढं काऊन पाहून राह्यल्या? आपल्याकडं कुठं एवढी थंडी हाय?"

"माह्या पोराले भल्ली थंडी वाजली होती, बाबू," काकू म्हणाल्या. "याच्याहून चांगलं दाखव."