मेलेला दात

बाबा पावसाळ्यात धान करतात आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत, गावोगावच्या मांडवात, खलनायक होतात. चामोर्शीच्या बाजारात बायका त्यांना ओळखून आजही तोंड फिरवतात आणि त्याचा त्यांना कोण आनंद! मागे तलवारबाजीच्या प्रवेशात समोरच्याची लाकडी मूठ त्यांच्या वरच्या पुढच्या दातावर बसली. काही दिवस दात ठणकला, मग ठणका थांबला. तो बरा झाला असं सगळे धरून चालले. पुढे तो काळवंडला, तर खलनायकाला शोभतो म्हणून बाबा उलट खूश.

गेल्या वर्षी नाटकांचा हंगाम तोंडावर असताना त्या दाताच्या हिरडीला फोड आला, ओठ सुजला. घरात सगळ्यांचा एकच सल्ला, काढून टाका. बाबा ऐकेनात. पुढचा दात गेला की 'स' आणि 'त' म्हणताना हवा जाणार, लोक हसणार आणि पुढच्या वर्षी विनोदी म्हाताऱ्याचं काम पदरात पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी मीच दटावून त्यांना गडचिरोलीच्या बसमध्ये बसवलं.

दातांच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे काढला. दुखणं थांबलं तेव्हा दात बरा झालाच नव्हता, त्या म्हणाल्या, आतली नस मेली होती. ती तिथेच सडत राहिली आणि मुळाच्या टोकाशी पू झाला. आता दाताला मागून बारीक भोक पाडायचं, आतली पोकळी धुऊन साफ करायची, औषध ठेवायचं आणि सूज उतरली की ती बुजवायची. मूळ पक्कं असल्यामुळे रूट कॅनाल करून दात वाचणार होता.

बाबांनी विचारलं, "म्हणजे दात मेला तरी जागेवरच राहीन, बाई?"

"राहीन, भाऊ."

"मंग समजलं. आमच्या नाटकातबी मेलेला माणूस पडदा पडेपर्यंत स्टेजवरच राह्यते."

बाई हसल्या. मला हसू आलं नाही, कारण बाबांनी खुर्चीचे हात किती घट्ट धरले होते ते मला दिसत होतं.

दुसऱ्या खेपेला दात बुजवून झाला. बसस्टँडवर बाबांनी पहिल्या अंकातलं वाक्य खड्या आवाजात म्हणून पाहिलं, "तुझ्या सात पिढ्या मातीत घालीन." एकही अक्षर गळलं नाही. बाकावरची बाई पिशवी उचलून दूर जाऊन बसली आणि बाबांचे डोळे भरून आले.