बरणीतल्या फोडी खाली गेल्या

मिठाने कैरीला फसवलं आणि चोरीचा आळ मी घेतला माझ्या थोरल्या बहिणीवर.

काल मी स्वतः फोडींना मीठ चोळून काचेची बरणी गळ्यापर्यंत भरली. सकाळी बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला तर फोडी चार बोटं खाली. घरात पाहुणी एकटी अक्काच. "मागून घ्यायच्या होत्यास गं," मी म्हणालो. तिने पिशवी उचलली आणि चहाही न घेता ती निघून गेली.

मग अकरावीतल्या मुलीने बरणी उजेडात धरली.

"बाबा, तळाशी पाणी बघा. फोडी तेवढ्याच आहेत, आक्रसल्यात. प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी त्यातून बाहेर येतं."

"आणि मीठ आत जातं?"

"पडदा त्याला सहजी आत घेत नाही."

म्हणजे मीठ नुसतं दारात उभं राहिलं आणि घर रिकामं झालं! बाजारात धंदा करताना अशी लबाड गिऱ्हाइकं मी पहिल्या शब्दाला ओळखतो. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या राखणदाराला कसं जोखायचं? माझ्या अंगातही असे असंख्य पडदे आहेत म्हणे. ते काय सोडतात, काय अडवतात, मला कुणी विचारत नाही. सकाळी तोंडातून ते वाक्य सुटलं, तेव्हाही कुणी विचारलं नाही.

अक्का फोन उचलत नाही. बरणी घेऊन मी तिच्या दारात जाणार आहे. पडदा गप्प आहे, मीठ विरघळून पसार झालंय. याचा जबाब कुणीतरी द्यायलाच हवा, आणि काचेवर मिठाची बोटं माझीच उमटली आहेत.