मोरीत गेलेलं बनियन

मारतहळ्ळीतल्या आमच्या फ्लॅटला स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी जागा आहे. बिल्डर तिला युटिलिटी म्हणतो, आम्ही मोरी म्हणतो. तिथे वॉशिंग मशीन ठेवलंय आणि त्याचं पाणी जमिनीतल्या जाळीतून खाली जातं. मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी ते खाली जायचं सोडून वर आलं. मशीनने साबणाचं पाणी सोडलं तसं ते जाळीतून उसळलं, मोरीभर पसरलं आणि उंबरा ओलांडून फ्रिजखाली शिरलं.

बायकोने लगेच प्लंबरला फोन लावला. तो म्हणाला, "नाळे बर्तीनी." म्हणजे उद्या येतो. पण बेंगळुरूत राहणाऱ्या कुणालाही विचारा, प्लंबरचा हा उद्या कुठल्याच कॅलेंडरात सापडत नाही.

"प्लंबर हवाय कशाला?" मी म्हणालो. "मी आहे ना."

मी इंजिनिअर आहे. निवृत्त होईपर्यंत एका सरकारी प्रयोगशाळेत विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते हे बघत होतो. हवा काय नि पाणी काय, वाहण्याचे नियम तेच, असं मी बायकोला समजावलं.

"तुमची हवा कधी कुणाच्या फ्रिजखाली गेली नव्हती," ती म्हणाली.

मी आधी एक लोखंडी हँगर सरळ करून जाळीत खुपसला. त्याला चार केस आणि थोडा गाळ आला. तो मी तिला अशा थाटात दाखवला की जणू काम फत्तेच. मशीन पुन्हा सुरू केलं, पाणी पुन्हा वर आलं. मग मी खाली बसून विचार केला आणि माझ्या मते अगदी बिनचूक निदान केलं. पाणी वर येतं कारण त्याला वर यायला जागा आहे. मशीनची नळी बारीक, जाळीतलं तिचं भोक मोठं. ती फट बुजवली की मशीनचा पंपच पाण्याला पुढे ढकलेल आणि त्या रेट्याने जे काही अडकलंय ते वाहून जाईल. मी माझं एक जुनं बनियन नळीभोवती गच्च कोंबलं, वर वरवंटा ठेवला आणि बटण दाबलं.

जाळीतून थेंबसुद्धा आला नाही. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, इकडे या आधी!"

सिंकमध्ये करडं, फेसाळ पाणी चढत होतं आणि त्यावर तिने नुकतीच निवडून धुवायला ठेवलेली मेथी तरंगत होती. सिंक आणि मोरी यांचा पाइप एकच आहे, हे इतकी वर्षं त्या घरात राहून मला माहीत नव्हतं. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, वरवंटा उचलला, नळी काढली. बनियन जागेवर नव्हतं. रेट्याने जे वाहून जायचं ते गेलं होतं, फक्त ते मीच घातलेलं होतं. हे मी बायकोला सांगितलं नाही.

मग बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे. कानडी, माझ्याच वयाचे. आमची ओळख लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती. त्यांचा डावा खांदा भिजला होता.

"सार, नीरु," ते वर बोट दाखवून म्हणाले. आमच्या पाइपच्या सांध्यातून पाणी त्यांच्या घरात गळत होतं.

इतक्या वर्षांत माझं कन्नड 'सरी' म्हणजे बरं आणि 'स्वल्प' म्हणजे थोडं, यांच्यापुढे गेलेलं नाही. मी म्हणालो, "स्वल्प प्रॉब्लेम."

त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. "स्वल्प अल्ल, सार." थोडा नव्हे, हे मलाही कळलं.

पुढचं बोलणं हिंदीत झालं. तेही निवृत्त इंजिनिअर निघाले, नद्यांवर पूल बांधणारे. हे कळताच प्लंबरची वाट बघण्याचा प्रश्नच मिटला. आम्ही खाली गेलो. त्यांच्या मोरीच्या छताखालून आमचा पाइप गेला होता आणि त्याच्या वळणावर एक गोल झाकण होतं. अडथळा झाकणाच्या अलीकडे की पलीकडे, यावर आमचा वाद झाला. दोघांनीही ओल्या भिंतीवर बोटाने आकृत्या काढल्या. दोन्ही ओघळून गेल्या. शेवटी ते स्टुलावर चढले आणि मी स्टूल धरलं.

माझी बायकोही खाली आली होती. ती त्यांच्या बायकोशेजारी दारात उभी राहून म्हणाली, "त्या पाइपात आत्ता पाणी भरलेलं असेल ना?"

"स्वल्पच असेल," मी म्हणालो.

त्यांनी झाकण फिरवलं. आमच्या आठवड्याच्या कपड्यांचं पाणी, साबण आणि बरीचशी मेथी आमच्या डोक्यावर आली. ते स्टुलावर असल्यामुळे त्यांना आधी मिळालं, मला त्यांच्यावरून. ते ओसरलं तेव्हा पाइपच्या तोंडातून काहीतरी लोंबत होतं. त्यांनी ओढलं. ते लांबत लांबत बाहेर आलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "सार, ये आपका है?"

नाही म्हणायची इच्छा होती. पण बायकोने ते ओळखलं होतं, आणि तिचं हसणं थांबेना. मला भयंकर लाज वाटली. मग ते हसू त्यांच्या बायकोला लागलं, मग त्यांना, आणि स्टूल इतकं हलायला लागलं की मला ते दोन्ही हातांनी आवळून धरावं लागलं.

बनियनच्या मागे तुपकट, धाग्यादोऱ्यांचा एक गोळा निघाला. खरा अडथळा तो. झाकण परत लावून वरून बादलीभर गरम पाणी ओतलं आणि ते गुपचूप निघून गेलं.

त्यांनी मला नेसायला आपला पंचा दिला. परक्याच्या घरात, परक्याच्या पंच्यात बसून मी फिल्टर कॉफी प्यायलो. ते म्हणाले, निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी बल्बसुद्धा बदलू देत नाही. मी म्हणालो, मलाही नाही. त्यावर आम्ही आणखी एकेक कप कॉफी घेतली, आणि बरं वाटलं. तेव्हापासून संध्याकाळी आम्ही एकत्र फिरायला जातो.

पुढच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली की त्यांचीही मोरी तुंबते. खालच्या गृहस्थांनी हात वर केला. "आम्ही दोघं येऊन बघतो. अनुभव आहे."

मीही उठायला लागलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून दोन आवाज एकदमच आले. माझी बायको म्हणाली, "अहो!" त्यांची बायको म्हणाली, "री!" दोन्हींचा अर्थ एकच होता. आम्ही खाली बसलो.